कृष्णरावांच्या संडासातला देव

कृष्णरावांच्या संडासापुढची रांग पार विहिरीपर्यंत गेली होती आणि त्या रांगेत संडासला आलेलं माणूस एकही नव्हतं. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात अगरबत्ती. सिहोऱ्याकडून तर माणसं टेम्पो करून आली होती. दाराला झेंडूचं तोरण, उंबऱ्यावर हळदकुंकू. संडासात जाण्यासाठी बाहेर चपला काढणारी माणसं कृष्णरावांच्या बायकोनं, बेबीबाईनं, जन्मात पहिल्यांदा पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

आत भांड्याशेजारी पाटावर हुंकारबाबा बसले होते. डोळे अर्धवट मिटलेले. ध्यानामुळे की वासामुळे, हे कळायला मार्ग नव्हता.

"भक्तहो, याला भांडं म्हणू नका! हे पाताळाचं मुख आहे! प्रश्न विचारा. पाताळनाथ हुंकारला तर होकार, गप्प राहिला तर नकार!"

बाबुलाल ढीवर हात जोडून पुढं झाला. "माही म्हैस गाभण हाये का जी?"

"बोल, पाताळनाथा, बोल!" बाबा किंचाळले.

मग भांड्याच्या तळातून बुडबुड उठली आणि पाठोपाठ खोल आवाज आला, "हूंऽऽऽ!"

जयजयकारानं कौलं हादरली. बाबुलालची म्हैस कधीचीच म्हातारी झाली होती, पण देवानंच हो म्हटल्यावर म्हशीला विचारतो कोण!

सुरुवात झाली ती कृष्णरावांपासून. आठवड्यापूर्वी ते आत बसलेले असताना खालून कुणीतरी हुंकारलं आणि ते धोतर सावरत अंगणात आले. गाव पोट धरून हसलं. पण तेव्हा मारुतीच्या देवळात मुक्कामाला असलेले बाबा धावत आले, भांड्यापुढं लोटांगण घालून म्हणाले, "मूर्खांनो, हसता काय? देव प्रकटला!" तेव्हापासून कृष्णराव देवाचे मालक झाले. ज्या माणसाला ग्रामसभेत कुणी सतरंजीचं टोक सरकवून देत नसे, त्याला सरपंच उठून खुर्ची द्यायला लागले. त्या खुर्चीनं माणूस बिघडला. दर्शनाची वेळ सोडून त्यांनी संडासाला कुलूप लावलं.

मग घरच्यांनी जायचं कुठं? तर भाताच्या बांधीच्या धुऱ्यावर, त्या अरुंद बांधावर, चिखलात. बेबीबाईची सून खुशबू सात महिन्यांची गरोदर. काल तिचा पाय धुऱ्यावरून घसरला. शेजारणीनं धरलं म्हणून निभावलं. आज सकाळी तिनं बॅग भरली.

"आई, मी कारध्याले जातो. माह्या माहेरी संडासात संडासच हाये."

त्यात बाबांनी जाहीर केलं होतं, उद्या भांड्यावर संगमरवरी फरशी बसवून वर कायमचं मंदिर. म्हणजे सूनही गेली आणि संडासही गेला.

बेबीबाई जळफळत उभी होती तेवढ्यात लाइट गेली. मोटर बंद, पाण्याची वरची टाकी रिकामी. आत बाबा ओरडत होते, "बोल, पाताळनाथा, बोल!" देव ढिम्म. पुन्हा "बोल!" तरी ढिम्म. आणि शेजारच्या न्हाणीतून बाबांच्या चेल्याचा, चंद्रकुमारचा, दबका आवाज आला, "बाबा, पानी खतम!"

बेबीबाईचे कान टवकारले. हा चेला 'शुद्धी' म्हणून दिवसभर न्हाणीत कोंडून घ्यायचा, पण अंगावरचा मळ जसाच्या तसा. आणि त्या दिवशी कृष्णराव आत बसले होते तेव्हा न्हाणीत कपड्यांची बादली तिनंच तर ओतली होती!

तिनं मनिषला विहिरीवर गाठलं. बापापुढं कधी तोंड न उघडणारा हा लेक बायकोची भरलेली बॅग बघून आधीच कासावीस झाला होता.

"काय गा मनिष, न्हानीचं पानी कुठं जाते?"

"संडासच्याच पाइपात. मीच तं जोडलो."

"मंग दोन बालट्या भर. चेल्याले मी चहा प्याले बलावतो. माहा खोकला आयकू आला का न्हानीत वतजो."

चहाचं नाव ऐकताच चेल्याची शुद्धी संपली. तो चुलीकडे गेला, मनिष न्हाणीत शिरला आणि बेबीबाई नारळ घेऊन थेट पाताळाच्या मुखाशी.

"विचार, माते!" बाबा म्हणाले खरे, पण कपाळ घामेजलं होतं.

"पाताळनाथा, हा बाबा लबाड हाये का जी?" आणि ती खोकली.

"हूंऽऽऽ!"

रांग गार पडली. बाबा सावरत म्हणाले, "देव... देव भक्तांची थट्टा करतो कधीकधी..."

"याले आत्ताच्या आत्ता गावाबाहीर काढाव का?" पुन्हा खोकला.

मनिषनं अख्खी बादली एका दमात पालथी केली. देव असा काही हुंकारला की बाबांच्या लुंगीवर तीर्थ उडालं. लोक आधी दचकले, मग कुणीतरी खिदळलं आणि सारी रांग हसत सुटली. मनिष रिकामी बादली घेऊन दारात आला तोवर बाबा कुंपणापलीकडे होते. चेला चहा टाकून त्यांच्या मागं.

"पन आवाज येते कायचा?" बाबुलालनं विचारलं.

मनिष शिडी लावून वर चढला. मैल्याच्या टाकीची हवा बाहेर जाण्यासाठी जो उंच पाइप असतो, त्याच्या तोंडावर काळं मडकं पालथं घातलेलं. नव्या घराला नजर लागू नये म्हणून कृष्णरावांनीच!

"शिशीत पानी भरलं का हवा गुडगुड करते ना, तसंच हे. वरून वाट बंद, मंग हवा भांड्यातून निघते." त्यानं मडकं काढलं, बादली ओतून दाखवली. भांडं नुसतं फिस्स झालं. नजर कुणाची लागली नव्हती, मडकंच लागलं होतं.

मग घर कामाला लागलं, कारण टाकीतून शोषखड्ड्याकडे जाणारा पाइपही तुंबला होता. मनिषनं टाकीचं झाकण कुणाला उघडू दिलं नाही. "आतला गॅस जीव घेते. कोनी वाकू नोका, बिडी बी पेटवू नोका. टाकी उपसाले गाडी बलावू." कृष्णरावांनी बाहेरून खोदून पाइप उघडा केला, बाप-लेकानं बांबूनं गाळ ढकलला, बेबीबाईनं पाणी पुरवलं आणि खुशबूनं नाकाला पदर लावून सगळ्यांना हुकूम सोडले.

घामाघूम कृष्णराव खाली मान घालून म्हणाले, "आता मले कोन इचारन?"

"मी इचारतो ना जी," बेबीबाई म्हणाली. तिला त्यांची दया आली. "पोरीचा पाय घसरला तवा तुमी तिले इचारलं असतं, तं देव घरातच होता."

कृष्णरावांनी हात धुऊन कुलूप काढलं, विहिरीत फेकलं आणि सुनेची बॅग स्वतः उचलून घरात नेऊन ठेवली.

मंडळी, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी विचारा, पाणी कुठून येतं आणि हवा कुठून जाते. विचारलं म्हणून खरा देव कधी पळून गेलेला नाही. पळतो तो बाबा.

खुशबू लोटा घेऊन आत गेली. कडी लागली. बाहेर लोक अजून उभेच, मान तिरकी करून, कान देऊन.

"आता कायचं आयकून राहिले, बापा?" बेबीबाई खराटा घेऊन वळली. "जा ना आपापल्या घरी! पोरीले लाज वाटून राहिली!"