गार्डसाहेबांच्या कोटांचे कपाट

मी एक जुने सागवानी कपाट आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवलेले बरे, की गाण्यातले मला काही कळत नाही. पण ज्यांनी माझ्या पोटात डोके खुपसून ते गाजलेले गाणे म्हटले, त्यांनाही कळत नव्हते. हे मी फार जवळून पाहिले आहे.

आगगाडीवरच्या एका गार्डाने लग्न ठरल्यावर मला करून घेतले. दाराला आरसा आणि आत पितळी दांडी. नव्या नवरीने डाव्या बाजूला आपले कपडे लावले, उजव्या बाजूला त्याचे काळे लोकरी कोट. कोटांच्या पितळी गुंड्या ती रोज फडक्याने लख्ख करी आणि निघायला उशीर झाला म्हणून त्याच्या मागे लागे. तो हसून म्हणे, "माझ्याशिवाय गाडी सुटते कुठे?"

पुढे एक दिवस तो कोट न घालताच गेला, तो कायमचा. कोट राहिले. ती ते उन्हात घाली, ब्रशने झाडी, डांबराच्या गोळ्या बदली. बाई तोंडाने फटकळ, पण कोट झाडताना तिचा आवाज खाली येई.

तिचा एक भाचा होता. लहानपणापासून ऐकलेले तेवढेच बडबडायचा, म्हणून सगळे त्याला मिठ्ठू म्हणत. मोठेपणी त्याने तीन मित्र जमवले, केस वाढवले आणि बँड काढला. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! एक गाणे धड बसले नव्हते, तोवर चौघे झोकदार सही करण्याचा सराव करू लागले. आत्याने त्यांना माझी खोली दिली, वर दोन वेळचा चहाही.

ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी एका जाणत्या माणसाला बोलावले. त्या खोलीत आवाज घुमे. त्याने माझे दार उघडले, आत टाळी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "इथे गा. हे जाड कोट आवाज घुमू देणार नाहीत."

गाणे होते अथांग सागराचे आणि त्यात एकट्याने भरकटलेल्या नावेचे. गाणारा मिठ्ठू मात्र कोटांत नाक खुपसून उभा, डांबराच्या गोळ्यांच्या वासाने शिंकत. शेवटच्या कडव्यात स्वतःच्याच आवाजाने त्याला इतके भरून आले, की त्याने हात उडवला. कोटाची बाही उसळली आणि गुंडी दांडीवर आपटली. टिंग!

ध्वनिमुद्रक म्हणाला, पुन्हा घेऊ.

"जाऊ दे हो, एवढं कोण ऐकतंय," मिठ्ठू म्हणाला. "भूक लागलीय."

गाणे बाजारात आले आणि काय सांगू, केस कापण्याच्या दुकानापासून लग्नाच्या हॉलपर्यंत तेच वाजू लागले. एका टीकाकाराने लिहिले, की ती टिंग म्हणजे बुडत्या नावेवरची घंटा. मग मिठ्ठूही मुलाखतींत सांगू लागला, की ती घंटा त्याला स्वप्नात ऐकू आली होती. आत्या शेजारणीला म्हणे, "सागर सागर करतोय मेला. लहानपणी आंघोळ म्हटली की पलंगाखाली लपायचा." आणि रेडिओ बंद करी.

कंपनीने दुसरे गाणे मागितले. मोठ्या स्टुडिओत चौघांना काही जमेना. आपल्यात काही कमी आहे, हे मान्य करायलाही अक्कल लागते. त्यांनी ठरवले, की सगळी जादू कपाटाची. आत्या नणंदेकडे गेली होती, तेव्हा ते आले. गायकाला ऐसपैस उभे राहता यावे म्हणून त्यांनी मला रिकामे केले. बाहेरून रुपेरी रंगही फासला. या वयात ही थेरे!

ध्वनिमुद्रक आला. त्याने टाळी वाजवली. माझ्या रित्या पोटातून रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

"आतले कोट कुठे आहेत?"

"त्या चिंध्या? भंगारवाल्याला दिल्या. अडचण होत होती."

तो वायरी गुंडाळू लागला. "मग गाणंही तिकडेच गेलं," एवढेच म्हणाला.

संध्याकाळी आत्या परतली. तिने दार उघडले. उघड्या दांडीवरून तिने हात फिरवला. मिठ्ठूने खिशातून पाकीट काढले.

"नवे घेऊन देतो ना, आत्या. चार घे, दहा घे."

"घालणार कोण?" तिने विचारले.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः भंगारवाल्याकडे गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. बँडही पुढे मोडला, सहीवरूनच म्हणे भांडण झाले. त्याचे दुःख मला मेले तरी होणार नाही.

मित्रांनो, माझा रुपेरी रंग आता पोपडे होऊन गळतो आहे. तुमच्या घरातही एखादे जुने कपाट असेल. ते आवरायला जाल, तर आत कोणाचे काय टांगले आहे, ते आधी घरातल्या माणसाला विचारा. तुम्हाला जी अडचण वाटते, त्यावर कोणी तगून असेल.

हल्ली शेजारच्या रेडिओवर ते गाणे लागले, की आत्या खिडकी उघडते. त्या चौघांनी जन्मात एकच गोष्ट जपून ठेवली, तीही कंटाळा केला म्हणून. सागर गर्जतो, नाव भरकटते, आत्या भाजी चिरत राहते. शेवटचे कडवे आले, की तिची सुरी थांबते.

टिंग.

मग ती खिडकी लावून घेते.