आण्णांची शिट्टी

दोन हजार सहा साल. आदल्या जुलैत उल्हास नदी लोकांच्या घरांत शिरून गेली होती आणि सखल भागातल्या भिंतींवर कमरेएवढी मातकट रेघ अजून दिसत होती. त्या साली उल्हासनगरात जो तो बोलताना पुराआधी आणि पुरानंतर असंच बोले. तिथल्या कॅम्प पाच या भागातल्या यशोधरेला मात्र पुढच्या पावसाळ्याची धास्ती होती, आणि ती पुरासाठी नव्हती.

तिची सुजाता चार वर्षांची झाली तरी बाटलीवर होती. दुधात कुस्करलेलं बिस्कीट, तेही गाळून. भाताचं शीत जिभेला लागलं की पोरीला उबळ यायची. ओठ मिटत नसत, लाळ गळत राही, आणि बोलणं म्हणजे नुसतं आ आणि ऊ. वजन उतरत चाललं होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, पाऊस सुरू होईपर्यंत ही काही चावून खायला लागली नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. ती नळी यशोधरेच्या डोळ्यांसमोरून हलत नसे.

कॅम्प एकमध्ये कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तेजल मॅडम बसत. बोलण्याचे आणि गिळण्याचे उपचार करणारी ही बाई वयाने लहान होती, पण बोलणं पक्कं. तिने सगळ्या घराला एकदा बोलावून घेतलं आणि समजावलं. "हिच्या जबड्यात, ओठांत, जिभेत ताकद कमी आहे. ती सरावाने येईल, आणि सराव घरीच व्हायला हवा. ओठांच्या कोपऱ्याला जॅम लावा, तिला जिभेने चाटू दे. काहीतरी कुरकुरीत, तोंडात विरघळणारं, बाजूच्या दाढेवर ठेवा. ही छोटी शिट्टी, फक्त ओठांत धरायची, दातांत नाही. तुम्ही सगळे तिच्यासमोर बसून चावून जेवा, ती बघून शिकेल. उबळ आली तर घाबरायचं नाही, थांबायचं. आणि एक लक्षात ठेवा, तिच्या मर्जीशिवाय कुणाचंही बोट तिच्या तोंडात जाता कामा नये."

एवढ्या सगळ्यातून यशोधरेच्या सासऱ्यांनी, म्हणजे दौलतरावांनी, एकच शब्द उचलला. शिट्टी.

दौलतरावांना सगळी वस्ती आण्णा म्हणे. अंबरनाथच्या एका कारखान्यातून ते चार्जमन, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, म्हणून निवृत्त झाले होते, पण निवृत्ती फक्त कारखान्याला कळली होती. घरात त्यांची ड्यूटी चालूच होती. भाजीला फोडणी कधी पडावी, नळाखाली कोणती बादली आधी लागावी, हे तेच ठरवत. सराव म्हटल्यावर त्यांच्या अंगात जुना कारखाना संचारला. त्यांनी मॅडमची चिमुकली शिट्टी बाजूला टाकली, स्टेशनाकडच्या बाजारातून कवायतीची पितळी शिट्टी आणली आणि सकाळी भोंग्याच्या वेळेला अख्खं घर गॅलरीत उभं केलं.

"महेंद्र, सरळ उभा राहा! सूनबाई, पदर आवर. सुजाता, मार फुंक!"

महेंद्र म्हणजे यशोधरेचा नवरा. तिशी उलटलेला, खाजगी कंपनीत हिशेब लिहिणारा, पण बापासमोर हात मागे बांधून उभा राही. यशोधरा त्याच्याकडे बघे आणि तिला वाटे, देवाने, तो असलाच तर, या माणसाला पाठीचा कणा द्यायचा विसरून नुसता शर्ट दिला असावा.

पोर ती जड शिट्टी दातांत धरी, लाळ मनगटापर्यंत ओघळे, आणि एखादा फुसका आवाज निघाला की आण्णा टाळ्या वाजवत. "बघा! डॉक्टर काय करणार? हे शिस्तीचं काम आहे."

"आण्णा, मॅडम म्हणाल्यात ओठांत धरायची," यशोधरा म्हणाली.

"तुझी मॅडम काल जन्मली. मी दोनशे कामगारांना शिट्टीवर हलवलंय."

"कामगारांना भात चावता येत होता, आण्णा."

महेंद्र खोकला. एवढंच त्याचं योगदान.

समोर बसून जेवायचं, तर आण्णा जेवत टीव्हीसमोर. कुरकुरीत द्यायचं, तर यशोधरेने दाढेवर कुरमुरा ठेवला आणि पोरीला जराशी उबळ आली, की आण्णा ताटावरून उठून ओरडत, "मारशील तिला!" आणि स्वतःच्या हाताने बाटली भरून देत. बदलापूरहून नणंद स्वप्नाली आली की ती जखमेवर मीठ चोळी. "वहिनी, मिक्सर कशाला असतो घरात? आमच्या पिंट्याला पुरणपोळीसुद्धा फिरवून देते मी." तिचा पिंट्या आठ वर्षांचा होता. यशोधरेने एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं आणि स्वप्नालीला उत्तर देण्याचा विचार सोडला.

खरा सराव झाला तो शेजारी.

शेजारी ईश्वरीबाई राहत. म्हाताऱ्या, एकट्या, सिंधी. सगळी वस्ती त्यांना अम्मा म्हणे. सिंध्याच्या घरात पाय टाकला की आधी पापड आणि पाणी, मग काय ते बोलणं. आता कुणी पाळतं का माहीत नाही, पण तेव्हा उन्हातून आलेल्या पोस्टमनलासुद्धा अम्मा पापडाशिवाय जाऊ देत नसत. दुपारी आण्णा झोपले की यशोधरा सुजाताला घेऊन तिकडे जायची. अम्मा गॅसवर पापड भाजत, त्यातले मिरीचे दाणे नखाने उकरून काढत, आणि पोरीसमोर मांडी घालून स्वतः कडकड खाऊ लागत.

"खा बेटा. मेरे दांत नकली हैं, तेरे तो असली हैं. शरम नहीं आती?"

सुजाता त्यांच्या हलणाऱ्या जबड्याकडे टक लावून बघे. यशोधरा पापडाची बोटभर पट्टी तिच्या दाढेवर ठेवी. पहिले काही दिवस पोरीने थुंकून टाकलं. मग तो ओला होऊन विरघळतो हे तिला उमगलं. मग एका दुपारी कर्र असा आवाज आला, अगदी बारीक. अम्मा चावायच्या थांबल्या. पोरीने पुन्हा दाढ दाबली. उबळ आली नाही.

"अरे वाह, चूही!" अम्मा म्हणाल्या. यशोधरा पदराआड रडली. घरी मात्र तिने काही सांगितलं नाही. आण्णांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी गॅलरीत पापडाची कवायत लागली असती.

आणि बुद्धपौर्णिमा आली.

वस्तीतल्या विहारात संध्याकाळी कार्यक्रम होता. वंदना झाली, खीर वाटून झाली. आण्णा पांढरा सदरा घालून माईकपाशी गेले. आधी त्यांनी तथागतांना खीर देणाऱ्या सुजातेची गोष्ट सांगितली, दोन मिनिटांत उरकली, आणि मग स्वतःची सुरू केली ती संपेना.

"ही माझी नात सुजाता. डॉक्टरांनी हात टेकले होते. नळी घाला म्हणाले. मी म्हटलं, नळी नाही, शिस्त! आज ती तुम्हा सर्वांसमोर शिट्टी वाजवून दाखवेल."

महेंद्र पोरीला उचलून पुढे घेऊन गेला. यशोधरेने त्याची बाही धरली, "अहो, नका नेऊ," पण तो म्हणाला, "एकदाच. आण्णांचा मान राहतो." तो मान राखण्यात या माणसाचा अर्धा जन्म गेला होता.

पोरीने पितळी शिट्टी पाहिली आणि तोंड घट्ट मिटलं. घट्ट. यशोधरेने पहिल्यांदा तिचे ओठ असे मिटलेले पाहिले. पण आण्णांना तेवढं बघायची दृष्टी नव्हती. ते हसत हसत माईकमध्ये म्हणाले, "लाजते," आणि खाली वाकून त्यांनी गालात बोट घालून तिचं तोंड उघडायचा प्रयत्न केला. बोट बाजूने आत गेलं. दाढेवर.

सुजाताने चावलं.

आण्णांची किंकाळी लाऊडस्पीकरमधून सगळ्या वस्तीत गेली. चहाच्या टपरीवरची माणसं धावत आली. आण्णा एका पायावर नाचत होते, "सोड! सोड गं!" आणि पोर सोडत नव्हती. बायकांच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळाच विहार हसला. जो जबडा कुरमुऱ्याला भीत होता, त्याने चार्जमनचं बोट रक्त येईपर्यंत धरून ठेवलं होतं.

यशोधरा पुढे गेली, पोरीच्या गालावरून मॅडमने शिकवल्यासारखा हात फिरवला, तेव्हा तिने सोडलं. माईक चालूच होता.

"आण्णा," यशोधरा म्हणाली, आणि तो शांत आवाजही सगळ्यांना ऐकू गेला, "दाढेने चावली ती. बाजूच्या दाढेने. आता नळी लागणार नाही."

"घरात कुत्रं पाळलंय!" आण्णा ओरडले. "बंद! उद्यापासून ती मॅडम बंद, सगळं बंद!"

"तुमच्या घरात बंद," यशोधरा म्हणाली. पोरीला कडेवर घेतलं, आणि विहाराच्या पायरीवर बसून वाटीतल्या खिरीत भिजलेला भात तिने तिथेच तिला दाढेवर ठेवून भरवला. सावकाश. कुणाचीही परवानगी न घेता.

त्या पावसाळ्यात वजन वाढलं. यशोधरेने माहेरच्या पैशांत बदलापूरला भाड्याची खोली घेतली, आणि महेंद्र महिनाभर विचार करून, तीन वेळा बापाला विचारून, शेवटी तिच्या मागोमाग गेला. तो अजूनही बापाबद्दल बोलताना उभा राहतो म्हणतात. तेजल मॅडम लग्न करून नाशिकला गेल्या. ईश्वरीबाई आणखी पाच वर्षं जगल्या. सुजाताने तोंडातून काढलेला पहिला धड शब्द "पापप" होता, आणि तो पप्पांसाठी नसून आपल्या पापडासाठी आहे यावर त्या शेवटपर्यंत कुणाशी वाद घालायला तयार असत. स्वप्नालीच्या पिंट्याचे दात किडून गेले.

आण्णांना पुढे कवळी सोसेना. शेवटची वर्षं त्यांनी स्वप्नालीकडे मिक्सरमधलं खाऊन काढली. त्यांच्या शोकसभेत एका वक्त्याने गहिवरून सांगितलं की या थोर माणसाने केवळ एका शिट्टीच्या जोरावर नातीला वाचा दिली. सुजाता तेव्हा दहावीत होती, मागच्या रांगेत बसलेली. ती चणे खात होती, आणि तिच्या दाढांचा आवाज पार पुढे, फोटोपर्यंत ऐकू येत होता.