न पुसला जाणारा पांढरा रंग

पेणजवळच्या गडब गावातल्या गणपती कारखान्यात त्या दुपारी सगळ्यांचेच चेहरे प्लास्टरच्या भुकटीने पांढरे झाले होते. मूर्तीचा जोड साफ करताना नमिताची सुरी निसटली आणि मनगटाच्या वर खोल घुसली. तिने ओढणी गुंडाळली आणि पुन्हा स्टुलावर बसली. मूर्ती न्यायला आलेल्या ड्रायव्हर सुशीलचा टेम्पो दारात उभा होता आणि डोळ्यांची आखणी तिच्याशिवाय कुणाला जमत नव्हती.

"जरा स्वस्थ बस गो," सासू इंदुबाई म्हणाली. "चहा टाकते."

"पाणीच द्या, आई. हात गार पडलेत."

"दिवसभर ओलं फडकं हातात. गार नाय तर काय व्हतील?"

नमिताने ब्रश उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. पंख्याखाली बसूनही तिला घाम फुटला होता. तिची मुलगी किमया ओल्या रुमालाने तो पुसू लागली.

"आजोबा, आईची पावडर निघतच नाय!"

पूर्वी दवाखान्यात कंपाउंडर असलेले कमळाकर उठून आले. त्यांनी सुनेचे ओठ पुसले. तेही पांढरेच राहिले. मानेवर बोट ठेवलं, तर नाडी बारीक आणि भरधाव. स्टुलाखालचा काथ्याचा ढीग त्यांनी पायाने सारला. वर भुकटीने पांढरा, आत झिरपलेल्या रक्ताने चिंब.

"सुशील, टेम्पो चालू कर!"

टेम्पोत मूर्तींसाठी अंथरलेल्या पेंढ्यावर नमिताला आडवं केलं. कमळाकरांनी जखम घट्ट दाबून धरली, किमयाने आईचे पाय मांडीवर घेतले. हायवेवर ट्रेलर अडले होते. सुशील हॉर्न सोडत नव्हता.

"आई बोलतेय की. मग एवढी घाई कशाला?" किमयाने विचारलं.

"बोलतेय म्हणूनच फसलो आपण. मानेतल्या मोठ्या नळीला रक्ताचा दाब कळतो, बाळा. दाब घटला की तिथून मेंदूला जाणारे निरोप कमी होतात. मग मेंदू हृदयाला पळवतो आणि हातापायांच्या, कातडीच्या नळ्या आवळतो. उरलेलं रक्त हृदयाला आणि मेंदूला पुरावं म्हणून."

"मग आपोआप बरी व्हईल?"

"आणखी रक्त गेलं तर नाही. आवळून आवळून किती आवळणार?"

किमयाने आईचे पाय आणखी वर घेतले. पुढचा ट्रेलर हलला.

पेणच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी रक्तदाबाचा पट्टा बांधला, नाडी पाहिली. "प्रेशर धरून आहे अजून, पण हृदय फार पळतंय. सलाईन लावा, रक्त मागवा."

टाके पडले, रक्त चढू लागलं. किमया आईच्या बोटाचं नख दाबत राहिली. सोडल्यावरही बराच वेळ ते पांढरंच राहत होतं. मग हळूहळू दाब सोडला की लगेच गुलाबी होऊ लागलं.

"आता तरी चहा घेशील का गो?" मागून येऊन पोचलेल्या इंदुबाईने थर्मास उघडला.

"अजून नाही, आजी," नर्स म्हणाली.

किमयाने पुन्हा नख दाबून पाहिलं. मग पुन्हा.