काट्यापाशी बाई

साहेब, तिला तुम्ही हरवलंत. मॅटवर नाही, तिथे तुमचं काय झालं असतं ते देव जाणे. तुम्ही तिला वजनकाट्यावर हरवलंत, तेसुद्धा हॉटेलात न्याहारी करता करता. आता नाही म्हणू नका. फोनवर चमच्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला होता.

तुम्हाला ती आठवत नसेल, म्हणून सांगते. आमच्या ज्युदोच्या हॉलवर तिला खुंटी म्हणायचे. पाय रोवले की हलायची नाही. मला गादी म्हणायचे. अंग कमी व्हावं म्हणून घरच्यांनी मला ज्युदोला घातलं होतं. अंग तसंच राहिलं, नाव तेवढं पडलं. खुंटीला सरावाला कोणीतरी पाडायला लागायचं, आणि ते कोणीतरी म्हणजे मी. वर्षानुवर्षं ती पाडत होती, मी पडत होते. तिच्या हातून पडायला भीती वाटायची नाही. शेवटच्या क्षणी ती समोरचीची बाही वर खेचून धरायची, डोकं आपटू द्यायची नाही. स्पर्धेतसुद्धा. मास्तर ओरडायचे, "अगं, ती तुझी मावशी आहे का?"

तिची आई त्याच हॉलची झाडलोट करायची. पोरीला घरी कुणाजवळ ठेवणार? म्हणून बरोबर आणायची, आणि ही गाद्यांच्या ढिगावर झोपायची. एकदा मास्तरांनी उठवलं. "झोपायचं तर झोप, पण आधी पडायला शीक." शिकली. पडायला शिकली, मग पाडायला, आणि मग सत्तावन्न किलोच्या गटात तिच्यासमोर उभं राहायला मुली कां-कूं करायला लागल्या.

देशाची विजेती झाली, एकदा नाही, लागोपाठ. प्रत्येक सत्कारात भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. दीड खोलीचं घर, भिंतभर घड्याळं, आणि एकाची वेळ दुसऱ्याशी जुळत नाही. शेजारीण म्हणाली, "हिच्याशी लग्न कोण करणार? नवऱ्याला उचलून आपटेल." आई भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आपटण्यासारखा असला तर आपटेल."

हसायचे दिवस होते ते. मग जागतिक स्पर्धेची निवड चाचणी आली. खुंटीचं वय बघता ही शेवटचीच संधी, हे तिलाही माहीत होतं आणि मास्तरांनाही.

वजन उतरवणं काय असतं ते तुम्हाला ठाऊक नसावं. तुमच्या पोटाकडे बघून म्हणते, राग मानू नका. आदल्या दिवसापासून पाण्याचा घोट नाही. अंगावर प्लास्टिकचा कोट चढवून धावायचं. आंबट गोळी चघळायची आणि सुटलेली लाळ डब्यात थुंकायची, कारण थुंकीलाही वजन असतं. सकाळी खुंटीचे ओठ फुटले होते. पण आमच्या हॉलच्या काट्यावर ती सत्तावन्नच्या आत होती. जेमतेम, पण आत. अंगावर काही नसताना.

नियमच तसा आहे. मुलींचं वजन बंद खोलीत घ्यायचं, बाई अधिकाऱ्यासमोर. हवं तर अंगावरचं सगळं काढून काट्यावर उभं राहता येतं. सगळ्या मुली त्याच हिशोबाने वजन उतरवतात. हा नियम तुमच्या संघटनेच्या पुस्तकात आहे, मी माझ्या मनचं सांगत नाही.

आम्ही खोलीत गेलो तर टेबलामागे तीन पुरुष.

"बाई कुठे आहेत?" मास्तरांनी विचारलं.

"मॅडमना निरोप दिला होता, आल्या नाहीत." चष्मेवाले अधिकारी म्हणाले. "कपड्यांसकट घेऊ वजन. सगळ्यांना सारखंच आहे ना? मग झालं!"

सारखं कसं? ज्या मुलींचं वजन मुळात कमी, त्यांना काय फरक पडणार? खुंटी चड्डी-बनियनवर काट्यावर उभी राहिली. काट्याने तिला थोडी जास्त दाखवली. जास्त म्हणजे बनियनइतकी.

"साहेब, हे कपड्याचं वजन आहे," ती म्हणाली.

"वेळ संपायला अर्धा तास आहे. कर काहीतरी."

ती धावली. पण घाम येईल कुठून? अंगात पाणी असेल तर ना! डब्यात थुंकायला गेली, तोंड कोरडं. शेवटी पट्ट्या कापायची कात्री मागून घेतली आणि वेणी माझ्या हातात दिली. "काप." मी कापली. ती परत काट्यावर चढली. तरी जास्तच, केसभर.

तेव्हा तुमचे चष्मेवाले काय म्हणाले, ऐका. "मग काढ ना बनियन. आम्ही तोंड फिरवतो. आम्ही तुला वडिलांसारखेच."

तिच्या वडिलांचं तोंड तिने सात वर्षांची असल्यापासून पाहिलं नव्हतं, पण ते जाऊ दे. तिचा हात बनियनच्या काठावर गेला. मी बघितलं, साहेब. गेला, आणि तिथेच थांबला.

"तुम्ही बाहेर जा," ती म्हणाली. "आकडा कोणीतरी मुलगी वाचेल."

"खेळाडूने वाचलेला आकडा चालत नाही. उद्या कोणीही मैत्रिणीसाठी खोटं सांगेल."

तेवढ्यात मागून डावरी पुढे आली. डावरी म्हणजे त्याच वजनातली दुसऱ्या नंबरची. खुंटीकडून इतक्यांदा हरली होती की दोघींत सरळ बोलणं नव्हतं. ती म्हणाली, "मी वाचते. ही बाहेर गेली तर जागा मला मिळणार. मी हिच्यासाठी खोटं का बोलेन?"

ते तिघे उठून बाहेर गेले, पाठोपाठ मास्तर. आम्ही दार लावलं, वर चार मुलींनी ज्युदोचे अंगरखे धरून आडोसा केला. आत खुंटी आणि डावरी. मग डावरीचा आवाज आला, चिडल्यासारखा: "सत्तावन्नच्या आत आहे. आहे म्हणजे आहे!"

खुंटीने बनियन चढवलं, आम्ही दार उघडलं. चष्मेवाल्यांनी पेन हातात घेतलं आणि ठेवून दिलं. म्हणाले, साहेबांना विचारतो. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. डावरी म्हणाली, मी स्वतः पाहिलं. मास्तर म्हणाले, बाई आणणं तुमचं काम होतं. आणि तुम्ही, तोंडात घास ठेवून: "ऐनवेळी ही नाटकं नकोत. अधिकाऱ्याने पाहिलेलं वजन तेच वजन. नियम म्हणजे नियम." आणि चमचा वाजला.

झालं. कारकीर्द म्हणतात ती संपायला एवढंच लागतं.

मला वाटलं आता ती टेबल उलटं करेल. तिने उरलेले कपडे घातले. पायरीवर बसून बाटलीभर पाणी प्यायली, हळूहळू, मधे मधे थांबत. मग आत येऊन मॅटच्या कडेला बसली आणि दिवसभर सगळ्या लढती पाहिल्या. डावरी जिंकली. परदेशात पहिल्याच लढतीत हरून आली. विमानतळावर कोणी विचारलं, काय चुकलं? "त्या वजनात मी दुसरी आहे," ती म्हणाली. "पहिलीला घरी ठेवलंत, मग हेच होणार." हे वाक्य कुठे छापून आलं नाही, ते तुम्हाला चांगलंच माहीत असेल.

खुंटी पुन्हा स्पर्धेत उतरली नाही. एका शाळेत मुलींना शिकवते. आणि तिने अधिकाऱ्याची परीक्षा दिली. पंच व्हायची नाही, फक्त वजनाची. मास्तर म्हणाले, "अगं, पंच हो, मान आहे." ती म्हणाली, "मान तुम्ही घ्या. मला काटा द्या."

तेव्हापासून मुलींची स्पर्धा कुठेही असो, आमंत्रण असो-नसो, ती पहाटे हजर असते. पुरुषांना बाहेर काढते, दाराला आतून कडी घालते, काट्यापाशी उभी राहते. एखादी पोर लाजली तर म्हणते, "मी आकडा बघते, तुला नाही बघत. चढ." आकडा वाचते, लिहिते, अंगावर टॉवेल टाकते. मुलींना वाटतं, वजन असंच घेतात सगळीकडे. कशाला सांगायचं त्यांना?

तुम्ही एवढ्या वर्षांत दुसरी बाई तयार केली नाहीत. कशाला कराल? एक फुकटात मिळतेय.

म्हणून हे लिहिते आहे. आयुष्यभर उचलून आपटायचं म्हणजे गुडघे जातात. तिचा उजवा गेला आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, तीन महिने पाय टेकायचा नाही. आणि त्याच आठवड्यात तुमची शालेय मुलींची स्पर्धा आहे. तिने ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायचं म्हटलं, तर आईने तिला झापलं, "गुडघा तुझा आहे, काटा त्यांचा आहे." खुंटीने तारीख तशीच ठेवली. मग मला म्हणाली, "गादी, कोण असेल गं तिथे?"

मला माहीत नाही. मी परीक्षा दिलेली नाही, मला ते दारातसुद्धा उभं करणार नाहीत.

तेव्हा तुम्ही सांगा. तेरा-चौदा वर्षांच्या पोरी पाण्याशिवाय रात्र काढून त्या खोलीत येतील. काट्यापाशी कोण उभं राहणार आहे, साहेब? निरोप दिलाय, व्यवस्था होईल, असलं काही नको.

नाव सांगा.