चावरा म्हणून नोंद

हौसा गेल्यावर दीड महिन्याने माझ्या मुलाने घरात कुत्रा आणला. "बाबा, तुम्हाला सोबत होईल," दीपेश म्हणाला. घरात तो, त्याची बायको दिपाली आणि आठ वर्षांची रुचिका. बायको गेलेल्या म्हाताऱ्याजवळ बसायला तिघांपैकी कुणाला वेळ नव्हता, म्हणून कुत्रा.

तो ठाण्याकडच्या एका प्राण्यांच्या संस्थेतून आणला होता. भिवंडीतला एक लूमचा कारखाना बंद पडला, मालक कुलूप लावून गेला आणि हा आत साखळीला बांधलेला राहिला. सहा दिवसांनी संस्थेच्या लोकांनी सोडवला. मानेवर साखळीचा वळ होता, तिथे केस नव्हते. पहिल्या आठवड्यात त्याने माझी चप्पल, दिपालीचा गाऊन आणि सोफ्याचा एक कोपरा फाडला. कुणी हात वर केला की जागच्या जागी मुतायचा. रुचिका जवळ गेली की पलंगाखाली शिरायचा. "हा खेळतच नाही. मला दुसरा आणा," म्हणून ती रुसली. माझ्या मागे मात्र दिवसभर इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी तीस वर्षं टेम्पोने कारखान्यांना सूत पोचवलं. लूमवर सूत घेऊन धोटा असाच ये-जा करतो. मी त्याला धोटा म्हणू लागलो.

एवढं सगळं चाललं असतं. पण तो रडायचा.

२००६ साल होतं. रोज लाइट जायची, कधी चार तास, कधी सहा. आमचं घरही भिवंडीतच, धामणकर नाक्याच्या मागे, भिंतीपलीकडे लूम. लाइट गेली की धोटा मान वर करून रडायला लागे आणि शेजारची गुणाबाई दारात येई.

"भावजी, कुत्रा रडतंय. घरात पोटुशी बाय हाय, कलतं का तुमाला?"

"मला काय सांगतेस? त्याला सांग."

"मस्करी नका करू. हौसा गेली त्याच्या आदल्या दिवशी नाक्यावरचा रडलेला. तुमीच दगड मारलेला त्याला."

खरं होतं. मारला होता.

दिपालीला सातवा महिना होता. धोटा रडला की ती पोटावर हात ठेवून आतल्या खोलीत जाई आणि दार लावून घेई.

पलीकडच्या कारखान्याच्या मोहिउद्दीनला मी हे सांगितलं तर तो हसला. "चाचा, कारखाने का कुत्ता है. लूमच्या आवाजात वाढला. माझे कारीगर मशीनजवळ झोपतात ना, खटखट चालू असली की घोरतात. लाइट गयी, के सब उठ बैठते हैं."

मला लगेच पटलं. दुसऱ्या दिवशी लाइट गेल्यावर मी सेलवरचा रेडिओ लावला, दोन स्टेशनांच्या मधे, नुसती खरखर. धोट्याने कान हलवले, माझ्या पायाशी येऊन बसला. रडला नाही. घरात सांगितलं तर दीपेश म्हणाला, "बाबा, तुम्ही पण ना!" दिपाली म्हणाली, "आवाज जरा कमी ठेवा." पण तीन आठवडे तो रडला नाही. त्या तीन आठवड्यांत मला सकाळी उठायला काहीतरी काम होतं.

मग सेल उतरले. आणायचे म्हणून मी उद्यावर टाकलं. दुपारी लाइट गेली, रेडिओ बोलेना, आणि धोटा रडला. त्याच संध्याकाळी दिपालीला रक्त दिसलं.

तिला दवाखान्यात ठेवलं. बाळ ठीक होतं. चार दिवस पडून राहा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दीपेश कपडे न्यायला घरी आला तेव्हा गुणाबाई दारातच होती.

"बाबा, ती घरी यायच्या आत त्याला परत सोडून येऊ."

"अरे, सेल संपले होते."

"बाबा, आता पुरे."

मला कारण ठाऊक होतं. भांडता आलं असतं. पण त्या दुपारी तो रडत होता तेव्हा मला हौसाच दिसली होती, आणि मी अंगणात उतरून दगड शोधला होता. हे मी कुणाला सांगितलं नाही. खुंटीवरची साखळी काढली आणि धोट्याला टेम्पोत घातलं.

संस्थेतल्या बाईंनी वही उघडली. "परत का आणलात?"

दीपेश माझ्याकडे बघायला लागला. कुत्रा रडतो म्हणून आणला, हे त्या शिकलेल्या बाईंना कसं सांगायचं? त्या हसल्या असत्या.

"चावतो," मी म्हणालो.

"कुणाला चावला?"

"नातीच्या अंगावर जातो."

बाईंनी लिहायला घेतलं आणि थांबल्या. "काका, चावरा म्हणून नोंद झाली की पुढे याला कुणी घरी नेत नाही. वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावं लागतं. लिहू ना?"

धोटा माझ्या दोन पायांच्या मधे बसून थरथरत होता.

"लिहा," मी म्हणालो.

साखळी बाईंच्या हातात गेली तरी तो उठेना. दोघांनी ओढत नेला. फरशीवर ओली रेघ राहिली.

टेम्पोत बसल्यावर दीपेशने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं सुचलं तुम्हाला, बाबा. मला तर काय बोलावं तेच कळत नव्हतं."