दर दोन तासांनी कूस

बस स्थानकावर तीस वर्षं गाड्या सोडणाऱ्या माणसाला घरात एकच काम उरलं होतं, ते म्हणजे घड्याळ बघायचं. मानेखालचं अंग लुळं पडलं त्याला दोन वर्षं होत आली होती. जीभ मात्र शाबूत होती आणि वेळेचा काटेकोरपणाही. दर दोन तासांनी पलंगावरून हाक यायची, "अगं, वेळ झाली," की बायको हातातलं काम टाकून यायची. डावी कूस, मग पाठ, मग उजवी. दिवसा तसं, रात्रीही तसंच. गल्लीत सगळे त्यांना अजून कंट्रोलर म्हणत. वैतागली की तीही म्हणे, "आले हो कंट्रोलरसाहेब, गाडी काही पळून जात नाही."

कूस बदलायची म्हणजे नुसतं लोळवायचं नाही. चादरीला सुरकुती नको, गुडघ्यांमध्ये उशी हवी, टाचा अधांतरी, अंग पुसून कोरडं. शिवाय दरवेळी माकडहाडावरची कातडी बघायची. लाल दिसली तर बोटाने दाबायची. पांढरी पडली तर ठीक. नाही पडली तर समजायचं, आतून बिघडायला लागलंय. हे सारं घरी येणाऱ्या नर्सबाईंनी शिकवलं होतं. नणंद एकदा मायेने तेलाची बाटली घेऊन लाल जागा चोळायला बसली, तर चोळल्याने कातडी लवकर सुटते म्हणत नर्सबाईंनी तिला असं झापलं की पुढे महिनाभर ती फिरकली नाही. बायकोला मनातून बरंच वाटलं.

इस्पितळात शेजारच्या खाटेवरचा माणूस आजाराने गेला नव्हता, पडून पडून पाठीवर झालेल्या जखमेने गेला होता. सुरुवातीला ती जखम नखाएवढी होती. तेव्हाच हिने मनाशी गाठ मारली, ह्यांच्या पाठीवर ओरखडासुद्धा उठू द्यायचा नाही. दोन वर्षांत उठला नव्हता. त्यापायी तिचं स्वतःचं काय झालं ते विचारू नका. कंबर कामातून गेली होती. भाजी चिरताना उभ्या उभ्या डुलकी लागून बोट कापलं होतं. लेक फोनवर विचारायची, आई, झोपतेस ना गं? ही म्हणायची, झोपते की, आणि खोटं काही नव्हतं त्यात. झोपायची, पण हप्त्याहप्त्याने.

त्या दुपारी एक वाजता तिने त्यांना भरवलं, पाठीवर नीट झोपवलं आणि शेजारच्या सतरंजीवर जरा पाठ टेकली. तीनला उजवी कूस, एवढं मनात घोळवता घोळवता तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं. पावणेसहा. ती धडपडत उठली. पलंगावर ते टक्क जागे, नजर छताला. तिने काही न विचारता त्यांना कुशीवर घेतलं. माकडहाडावर तळहाताएवढा लाल पट्टा उमटला होता. तिने दाबलं. लालच. पुन्हा दाबलं, बोट उचललं, वाट पाहिली. लाल ते लालच राहिलं.

"हाक नाही मारलीत?"

"तू घोरत होतीस," ते म्हणाले. "दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं."

म्हणजे त्यांना कळत होतं. तीन वाजलेले त्यांनी बघितले होते, चार बघितले, पाचही. हाक ओठांवर आली आणि त्यांनी ती गिळली. तिला इतका संताप आला की हातातली उशी फेकून द्यावीशी वाटली. तेवढ्यातच रडूही फुटत होतं, कारण अशी झोप तिला कुणी दिली नव्हती. तिने उशी त्यांच्या गुडघ्यांमध्ये नीट बसवली. पुढचे दोन दिवस पाठ टेकूच दिली नाही त्यांना. एवढं करूनही तिसऱ्या दिवशी मधोमध कातडी सुटली.

नर्सबाईंनी मिठाच्या पाण्याने जखम धुतली, पट्टी लावली आणि कोणाची चूक म्हणून विचारलं. "माझी," दोघं एकदमच म्हणाली. नर्सबाई म्हणाल्या, इतकी घरं फिरते, चूक एकमेकांवर ढकलताना रोज ऐकते. ओढून घेताना पहिल्यांदाच बघतेय. मग त्या गंभीर झाल्या. जखम अजून वरवरची आहे, भरेल. पण पुन्हा असं झालं तर हाडापर्यंत जायला वेळ लागणार नाही. जाताना उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी बायकोला बजावलं, तुम्हीही झोपा जरा, नाहीतर आधी तुम्हीच पडाल.

आतून त्यांनी ते ऐकलं असावं. ती पलंगापाशी आली तसे ते म्हणाले, "आज दुपारी झोप तू. मी हाक मारतो. वेळेवर मारतो, शपथ."

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. राग केव्हाच निवला होता, उरला होता तो नुसता थकवा.

"दोन वर्षं मी तुमच्या हाकेच्या भरवशावर डोळे मिटत होते," ती म्हणाली. "तुम्ही दया केलीत हो माझ्यावर. आता कुणाच्या भरवशावर मिटू?"

त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळलं. कातडी ओली राहू नये म्हणून तिने ते लगेच टिपलं. मग खुर्ची ओढून ती पलंगाशी बसली. झोपेने मान कलंडत होती, पण आडवी काही ती झाली नाही.