पावण्याचा खुराक

उंट आजारी पडला तर काय करायचं, हे अख्ख्या कोल्हापुरात कुणाला माहीत नव्हतं, पण म्हणून सल्ला द्यायला कुणी मागं राहिलं नाही. कुणी म्हणालं डाग द्या, कुणी म्हणालं दृष्ट काढा, कुणी म्हणालं कानात तेल सोडा. केरबा आधी ऐकून घ्यायचा, मग मान हलवायचा, मग दार लावून घ्यायचा. चौथ्या दिवशी तो दारात आलेल्या माणसावर खेकसायलाच लागला.

साल अठ्ठ्याण्णव. त्याआधी केरबाचा टांगा होता. शिवाजी पेठेतून स्टँडपर्यंत त्याच्या घोड्याला रस्ता पाठ होता. पुढं रिक्षा इतक्या झाल्या की टांग्यात बसायला फक्त लग्नातला नवरदेव उरला, आणि नवरदेवालाही हळूहळू मारुती गाडी आवडायला लागली. घोडा विकून केरबा घरात बसला. घरात बसलेला बाप्या म्हणजे काय असतं, ते त्याची बायको शालूबाई सांगेल. तो आमटीत मीठ शोधायचा, उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर तोंडसुख घ्यायचा आणि दुपारी झोपून रात्री झोप लागत नाही म्हणून कण्हायचा.

मग जयसिंगपूरजवळ राजस्थानी लोकांचा तळ पडला. केरबा सहज बघायला म्हणून गेला आणि एका तरण्या उंटाची दोरी हातात धरून परत आला. शालूबाईनं कपाळाला हात लावला. पेठ मात्र वेडी झाली. पोरं नाचली, बायांनी दारात त्याचे पाय धुतले, आणि तालमीचे वस्ताद विजयसिंह यांनी भर चौकात बारसं केलं.

"लांबनं आलाय. पावणं म्हणायचं ह्याला! पावणं!"

तेव्हापासून तो पावणं. सकाळी रंकाळ्यावर पोरांना फिरवायचा, संध्याकाळी वरातीत नाहीतर मिरवणुकीत पुढं चालायचा. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तो असा बघायचा, की सगळं कोल्हापूर त्याच्याच लग्नाला जमलंय. आणि त्याच्या शेजारी केरबा, डोक्याला कडक फेटा, मिशीला पीळ. माणूस पुन्हा रस्त्यावर आला, चार लोक पुन्हा नावानं हाक मारू लागले. उंट मेला तर आपण परत त्या उंबऱ्यावर, एवढं केरबाला पक्कं कळत होतं. ते सोडून उंटावर त्याचा जीव होता, ती गोष्ट वेगळी. ती तो कुणाला सांगत नसे.

तर पावणं बसलं. उठेना. डावी कूस फुगलेली, दात करकरा खातंय, रवंथ बंद, आणि मागून पातळ, आंबूस घाण. केरबा सरकारी दवाखान्यात गेला. तिथले डॉक्टर भले होते, पण त्यांचं सगळं आयुष्य म्हशीत गेलं होतं.

"दूध किती देतं?" कागदावरून मान वर न करता त्यांनी विचारलं.

"सायेब, उंट हाय."

"बरं, बरं. गाभण हाय का?"

"नर हाय ओ!"

डॉक्टरांनी पेन ठेवलं, चष्मा काढला आणि पहिल्यांदा केरबाकडं नीट पाहिलं. शेवटी आले बिचारे. उंटापासून चार हात लांब उभं राहून त्यांनी विचार केला, म्हशीला देतात ते इंजेक्शन म्हशीपेक्षा थोडं जास्त भरून दिलं आणि म्हणाले, "अशक्तपणा आलाय. गूळपाणी पाजा. ताकद येऊ दे."

ताकद! हा शब्द पेठेत पडायचा अवकाश. तासाभरात विजयसिंह वस्ताद तालमीच्या पोरांना घेऊन हजर. वस्तादांचं मत स्पष्ट होतं. पैलवान उतरला तर त्याला काय करतात? खुराक वाढवतात. मग उंटाला वेगळा नियम कशाला? बदाम, खसखस वाटून घट्ट थंडाई केली होती. त्यात तूप सोडलेलं. पोरांनी मान धरली, वस्तादांनी स्वतः बांबूच्या नळकांड्यातून ती पाजली आणि पाठीवर थाप मारली.

"आता बघ, उद्याच्याला उभा ऱ्हातोय का न्हाय!"

उद्याच्याला पावणं उभं राहिलं नाहीच, पोट मात्र आणखी फुगलं. केरबा दुसऱ्या डॉक्टरकडं गेला. तो म्हणाला, उंट आपलं काम नव्हं, गायबैल असलं तर सांगा. तिसऱ्यानं येतो येतो म्हणून दोन दिवस घालवले. चौथा आला, फोटो काढून घेतला आणि गेला. केरबा रस्त्यानं मोठमोठ्यानं बोलत घरी आला. एवढं मोठं गाव, गल्लीगल्लीत डॉक्टर, आणि एका मुक्या जनावराचं पोट बघायला माणूस मिळू नये? त्याला सगळ्यांचा राग आला, डॉक्टरांचा, पेठेचा, आणि जिथून हे जनावर आलं त्या वाळवंटाचासुद्धा.

राजारामपुरीत एका मुलीनं कुत्र्यामांजरांचा दवाखाना घातलाय, असं त्याला कुणीतरी सांगितलं. डॉक्टर संघप्रिया जयसिंगपूरची, नुकतीच शिकून आलेली. केरबा गेला तेव्हा ती एका पामेरियनची नखं कापत होती. केरबानं दारातूनच आवाज चढवला.

"तुमीबी न्हाई म्हणणार आसलासा तर आत्ताच सांगा. माझं चप्पल झिजलंय."

संघप्रियानं कुत्रं मालकिणीच्या हातात दिलं. "काका, खरं सांगू? मला उंटातलं काही कळत नाही. कॉलेजात उंट एका तासात संपवला होता, आणि त्या तासाला मी झोपले होते."

केरबाला वाटलं, आता हिच्यावरही ओरडावं. पण इतक्या दिवसांत आपल्याला कळत नाही, असं तोंडानं कबूल करणारं पहिलंच माणूस भेटलं होतं. तो बाकड्यावर बसला आणि त्याला एकदम थकल्यासारखं झालं.

"मग कळणारं कोण मिळंल?"

"शोधू की," ती म्हणाली.

तिच्या वर्गातल्या एका मुलाचे मामा राजस्थानात उंटांच्या सरकारी केंद्रात डॉक्टर होते. त्या मुलाचा पत्ता पुण्यातला, तो गेला होता गावाला, त्याच्या आईला मामाचा नंबर आठवेना. शेवटी नंबर मिळाला. मग एसटीडी बूथमध्ये केरबा आणि संघप्रिया उभे, आणि फोनमधली बाई सांगतेय की इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं. पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई. केरबा त्या बाईला शिव्या द्यायला लागला तेव्हा बूथवाल्यानं काचेवर टकटक केलं.

एकदाचा फोन लागला. संघप्रियानं सगळी लक्षणं सांगितली. पलीकडच्यानं एकच प्रश्न विचारला. तिनं फोनवर हात ठेवला.

"काका, त्याला खायला काय घालता?"

केरबाची छाती फुगली. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. "काय न्हाई ते विचारा! उसाचं वाडं हाय. रोज गुळाचा खडा, पेठेत शिरलं की प्रत्येक दारात एक. रंकाळ्यावर भेळ खातंय. सणाला पुरणपोळ्या. शेवया आवडत्यात त्याला. जुंधळ्याचा भरडा. आन् आता वस्तादांची थंडाई, तूप घालून."

संघप्रियानं ते हिंदीत सांगितलं.  पलीकडचा माणूस एवढ्या जोरानं बोलला की केरबालाही ऐकू आलं.

"अरे, ऊँट पाला है या दामाद?"

पुढचं तो शांतपणे बोलला. हे जनावर काट्याकुट्यांवर, सुक्या पाल्यावर जगणारं. गोड आणि धान्य त्याच्या पोटात आंबतं, आंबट होतं आणि ते विष होतं. औषध सोपं. खायचा सोडा पाण्यातून द्या, भरपूर पाणी पाजा, हळूहळू चालवा, हरभऱ्याचं भूस आणि बाभळीचा पाला सोडून तोंडाला काही लावू नका. गुळाचा एक खडासुद्धा नाही. अजून एकदा पोट आंबलं तर वाचणार नाही.

केरबा बूथबाहेर आला आणि तिथंच कट्ट्यावर बसला. आपण ज्याला लाड समजत होतो ते विष होतं. खिशातला गुळाचा खडा काढून त्यानं गटारात फेकला.

संघप्रिया स्कूटरवरून रोज यायची. पोटात नळी घालायची, सोडा द्यायची, सुई टोचायची. दोनदा पावण्यानं तिच्या अंगावर हिरवा फेस उडवला, तिनं तो ओढणीनं पुसला आणि काम चालू ठेवलं. हळूहळू कूस उतरली. एका सकाळी पावणं मागच्या पायांवर उठलं, मग पुढच्या, आणि डुलत उभं राहून त्यानं जबडा डावीकडून उजवीकडं फिरवला. रवंथ! केरबा संघप्रियाच्या पायाला हात लावायला गेला, ती चार पावलं मागं पळाली.

खरी लढाई पेठेशी होती. केरबानं गोठ्याला दोर बांधला आणि कुणी काही घालायचं नाही, असं सगळ्या पेठेला दोनतीनदा ओरडून सांगितलं. लोकांना ते अपमानास्पद वाटलं. "आजाऱ्याला उपाशी ठेवताय व्हय?" "आमच्या हातचं बाटतंय व्हय रं केरबा?" "त्या कुत्र्याच्या डॉक्टरणीचं काय ऐकतोस!" बाया पदराआड पोळी झाकून यायच्या. केरबा परतवून लावायचा. ज्यांच्याशी त्याचं पिढ्यांचं नातं, त्यांना तो दारातून हाकलत होता. रोज एकाशी भांडण. शालूबाई म्हणाली, उंट बरा होईल, पण आपल्या मयताला कोण यायचं न्हाय.

भूस संपलं. जवळपास चांगलं मिळेना, म्हणून केरबा एसटीनं जयसिंगपूरला गेला. जाताना शालूबाईला दहादा बजावलं. ती वैतागून म्हणाली, मला काय कळत न्हाई का?

संध्याकाळी पोती घेऊन तो गल्लीत शिरला तर हलगी वाजत होती. गोठ्यापुढं पोरं नाचत होती. वस्तादांच्या हातात रिकामं पातेलं. पावणं उठलं, रवंथ करायला लागलं, म्हणजे पैलवान मैदानात परत आला, मग पेठेनं त्याचं तोंड गोड नको करायला? तुपातली लापशी केली होती, दुप्पट गूळ घालून. पावण्याच्या ओठाला अजून लापशी चिकटलेली होती.

"घाला म्हटलंस तू?" केरबानं शालूबाईला विचारलं.

"वस्ताद सोता घेऊन आलते. दारात आलेल्या वस्तादास्नी न्हाई कसं म्हणू?" ती रडायला लागली.

केरबानं पोती तिथंच टाकली आणि तो संघप्रियाच्या दवाखान्याकडं धावत सुटला. संघप्रिया आली. तिनं नळी घातली, सोडा दिला, सलाईन लावलं, पुन्हा त्या लांबच्या डॉक्टरला फोन केला. जे जे करायचं ते केलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पावण्यानं मान लांब करून जमिनीवर ठेवली आणि ती पुन्हा उचलली नाही.

पेठ लोटली. हार आले, गुलाल आला, तालीम बंद ठेवली. माणसाला मिळत नाही असा मान. बायका धाय मोकलून रडत होत्या आणि ते रडणं खोटं नव्हतं, त्यामुळंच केरबाच्या अंगाची लाही होत होती. विजयसिंह वस्ताद गर्दीतून पुढं आले.  त्यांनी केरबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय कमी केलं हुतं रं आपण त्येला?"

केरबानं तो हात झटकला. "कमी? कमी केलं आसतं तर जगला आसता की ओ! मी घसा फोडून सांगत हुतो. कोण ऐकंल तर शप्पत! मारलासा तुमी. गोड घालून घालून मारलासा!"

 वस्तादांना भर पेठेत असं कुणी कधी बोललं नव्हतं. तालमीची पोरं पुढं सरसावली, पण वस्तादांनी हातानंच त्यांना थांबवलं. ते गुडघ्यावर हात देत खाली बसले, पावण्याच्या मानेजवळ, आणि बराच वेळ त्याच्या ओठावरची वाळलेली लापशी बोटानं खरवडत राहिले.

"आमास्नी दुसरं काय येतंय रं, केरबा?" ते म्हणाले. "कोण आवडलं की खायाला घालायचं. दुसरं काय येतंय आमास्नी?"

केरबाला अजून खूप बोलायचं होतं, सगळं जिभेवर होतं.  पण डोक्याचा फेटा काढून त्यानं बाजूला ठेवला आणि तो वस्तादांच्या शेजारी खाली बसला.